टिपरे पुन्हा बघतेय आणि दिलीप प्रभावळकरांचं पार वेड लागलंय, पुढे काय बघू?

सई_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे निम्म्याहून जास्त पेशंट सत्तरीच्या पुढचे, गुडघे, कंबर, खुब्याचं ऑपरेशन, पार्किन्सन्स असं सगळं. म्हणजे दिवसभर माझं काम काय तर म्हातारी माणसं खुर्चीतून कशी उठतात, वळताना किती पावलं घेतात, जिना उतरताना आधी कुठला पाय टाकतात हे बघत राहणं. दहा वर्षं तेच बघितलंय, आता रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूस बघितला तरी कळतं याचा उजवा गुडघा दुखतोय.

तर दोन महिन्यांपूर्वी आई राहायला आली होती आणि तिने जेवताना श्रीयुत गंगाधर टिपरे लावलं. ती मालिका लागायची तेव्हा (२००१ ते २००५) मी शाळेत होते, वाहिनीचं नाव तेव्हा अल्फा मराठी होतं, आणि मला आठवत होती ती फक्त शिऱ्या आणि शलाका या नातवंडांची भांडणं. आबा म्हणजे घरातले आजोबा, बस. आता बघताना मात्र मी घास हातातच ठेवून बघत बसले. आईला म्हटलं आबांचं काम करणारे हे प्रभावळकर तेव्हा किती वर्षांचे होते गं, पंच्याहत्तर ना? मग शोधलं तर जन्म ४ ऑगस्ट १९४४. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ५७! माझे बाबा आत्ता ५९ आहेत आणि रोज सकाळी बॅडमिंटन खेळतात.

मला नीट सांगता येतंय का बघते. म्हातारा रंगवायचा म्हटलं की बहुतेक जण हात थरथरवतात, पाठीतून वाकतात, आवाज कापरा काढतात, आणि ते सगळं पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकाच मापात चालू. खऱ्या म्हाताऱ्यांचं असं नसतं हो. खरी म्हातारी माणसं म्हातारपण दाखवत नाहीत, ती ते लपवत असतात. माझ्याकडे येणारे आजोबा दारातून आत येताना मुद्दाम ताठ चालतात, आणि मी पाठ फिरवली की टेबलाला धरतात. आबांमध्ये मला ते दिसलं. नातवंडांसमोर उत्साहात बोलताना एक शरीर आणि एकटे डायरी लिहायला बसले की दुसरं. थकवा दाखवायचा म्हणून दाखवलेला नाही, झाकायचा प्रयत्न करताना थोडा निसटतो तेवढाच.

तेव्हापासून मी दोन महिन्यात सगळी मालिका एकदा बघून काही भाग तीनतीनदा बघितलेत, नवरा झोपला की हेडफोन लावून. लगे रहो मुन्नाभाई मधले गांधीजी आणि झपाटलेला मधला तात्या विंचू हेच आहेत हे माहीत होतं पण डोक्यात कधी एकत्र आलं नव्हतं, आता आलंय आणि मला सारखं आश्चर्य वाटतंय की ही तीन माणसं एकाच माणसात कशी राहतात.

प्रश्न दोन. एक म्हणजे पुढे काय बघू, कुठल्या क्रमाने, टीव्हीवरचं जास्त हवंय. आणि दुसरं, मला त्यांना पत्र लिहायचंय. आयुष्यात कधी कुठल्या नटाला लिहिलं नाही, तिशी उलटल्यावर हे करावं का, आणि केलं तर काय लिहावं?

---

चाळकरी_६६

सई, तू ५७ वर उभी आहेस, आम्ही सुरुवात केली तेव्हा हा माणूस चौतिशीचा होता. चिमणराव!

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी गिरगावात चाळीत वाढलो. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं तरी आमच्या मजल्यावर टीव्ही यायला सहा वर्षं गेली, तीही एकाच घरी, लाकडी खोका आणि त्याला दोन बाजूंना सरकणारी दारं. काळा पांढरा अर्थात. चि. वि. जोशींचे चिमणराव गुंड्याभाऊ लागायचे त्या दिवशी त्या काकू दार उघडंच ठेवायच्या आणि आम्ही पोरं पुढे जमिनीवर, मोठे मागे, आणि उरलेले गॅलरीतून खिडकीत. मला घरची एक ओळ अजून आठवते, आमचे आजोबा ज्यांनी ती पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी केली होती ते पहिला भाग बघून म्हणाले, 'हाच तो.' बास. आजोबांना कुठलीच गोष्ट सहज पटत नसे त्यामुळे हे मोठं सर्टिफिकेट होतं.

चिमणराव आणि आबा शेजारी ठेवून बघ. चिमणराव भित्रा, सगळ्यात आधी घाबरणारा आणि तरी घरात कर्तेपण मिरवायला बघणारा. आणि शेजारी बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ, ऐसपैस, सोटा घेऊन. त्या दोघांना एका चौकटीत बघणं हाच सण होता. बाळ कर्वे गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ ला गेले, पंच्याण्णवीला आले होते, त्या रात्री मी मुलाला जुना एक भाग लावून दाखवला. सगळे भाग मिळत नाहीत, जे मिळतील ते बघ. चित्र खराब आहे, आवाज मधे मधे जातो, चालवून घे. १९७९ चा त्याच नावाचा सिनेमाही आहे पण आधी मालिका.

आणि पत्राचं, लिही. विचारतेस काय.

---

हौशी_रंगकर्मी_सांगली

तुमचं ते 'लपवतात' वाचलं आणि उठून दोन फेऱ्या मारल्या खोलीत. वीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत हौशी काम करतोय आणि हे असं कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी मी सत्तरीचा रिटायर्ड हेडमास्तर केला होता, महिनाभर आवाजावर मेहनत घेतली, आणि प्रयोगानंतर एक ज्येष्ठ परीक्षक म्हणाले आवाज म्हातारा झालाय पण पाय तरुणच आहेत. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता कळतंय ते काय म्हणत होते.

तुम्हाला टीव्ही हवाय पण मी तुम्हाला जबरदस्तीने नाटकाकडे नेणार. हसवाफसवी. लिहिलंय त्यांनीच आणि त्यात सहा भूमिका एकट्याने केल्यात. मी भावे नाट्यमंदिरात बघितलं तेव्हा कॉलेजात होतो, बाहेरगावाहून आलेल्या मावसभावाला शेवटपर्यंत पटत नव्हतं की सगळे एकच आहेत. त्यातले कृष्णराव हेरंबकर बघा, जुन्या संगीत नाटकातले थकलेले गायक नट. हे पण म्हातारे आणि आबा पण म्हातारे, पण हेरंबकरांचं म्हातारपण हे एका नटाचं आहे, त्यांच्या अंगात अजून टाळ्यांची सवय शिल्लक आहे, आणि आबा हे नोकरी करून निवृत्त झालेल्या घरंदाज माणसाचं. दोघांची मान वेगळी आहे!! मान बघा. पुढे हे नाटक पुष्कर श्रोत्रीनेही केलं आणि चांगलं केलं पण मूळ रेकॉर्डिंग शोधाच.

आणि पुस्तक, एका खेळियाने. त्यांनी स्वतःच्या भूमिकांबद्दल लिहिलंय. मी तालमीच्या पिशवीत ठेवतो. फार कमी नट असं लिहितात की ही भूमिका मला कशी सापडली, कुठे अडलो, कुणाला बघून काय उचललं. बहुतेकांची पुस्तकं म्हणजे कोणाबरोबर जेवलो त्याची यादी असते.

अजून एक, बालनाट्य. रत्नाकर मतकरींच्या अलबत्या गलबत्या मधली चेटकीण सुरुवातीला यांनीच केली होती. आता वैभव मांगलेची चेटकीण पोरांना माहीत आहे. चेटकीण, चिमणराव, तात्या विंचू, गांधी. मी आमच्या ग्रुपमधल्या नव्या पोरांना ही यादी फळ्यावर लिहून दाखवतो आणि म्हणतो यात कुठे एक 'स्टाइल' सापडते का सांगा. नाही सापडत. मोठ्या नटांमध्ये सुद्धा असं असतं की दहा मिनिटांनी भूमिका मागे पडते आणि ते स्वतः दिसायला लागतात, लोक त्यासाठीच जातात आणि त्यात गैर काही नाही. पण इथे तो माणूस सापडतच नाही, आणि म्हणून त्याचा फॅन होणं वेगळ्या जातीचं आहे असं मला वाटतं.

---

रेवती_ठाणे

मी थोडं वेगळं लिहितेय, राग मानू नये.

मला विचारावंसं वाटतं की सई, तू प्रभावळकरांची फॅन आहेस की आबांची? कारण मी यातून गेलेय. कॉलेजात असताना एका मालिकेतल्या नटाच्या (नाव घेत नाही) इतकी मागे होते की त्याच्या मुलाखतींची कात्रणं वहीत चिकटवायची, मालिकेत तो अत्यंत समजूतदार, हळवा मोठा भाऊ होता, मला सख्खा भाऊ नाही आणि मी त्याला मनातल्या मनात तोच मानलं होतं. मग एका कार्यक्रमात दोन तास रांगेत उभी राहून भेटायला गेले, त्याने वर न बघता सही केली आणि शेजारच्याशी बोलत राहिला. आज कळतं, तो दमलेला असेल, माझ्यासारख्या दोनशे जणी होत्या. पण घरी येऊन मी ती वही माळ्यावर टाकली आणि बरीच वर्षं टीव्ही बघणं नको झालं. त्याची चूक नव्हती काहीच, मी ज्याच्यावर जीव टाकला तो माणूस लेखकाने लिहिलेला होता.

म्हणून भेटणं, पत्र वगैरे करण्याआधी हे वेगळं करून घे एवढंच.

---

सई_नाशिक

रेवतीताई, राग कसला, हे वाचून मी दोन दिवस विचार केला म्हणून उत्तर उशिरा.

मला आबा आवडतात, हो. पण आबांसारखे आजोबा मला होते आणि खूप चांगले होते, ती जागा रिकामी नव्हती. मला ज्याने धरून ठेवलंय ते वेगळं आहे. ५७ वर्षांच्या धडधाकट माणसाने इतकं बारीक निरीक्षण कधी, कुठे बसून केलं असेल? मला हे दहा वर्षं रोज आठ तास बघून कळायला लागलं, पेशंटच्या अंगाला हात लावून. या माणसाने तर लांबूनच बघितलं असणार, बागेत, लोकलमध्ये, लग्नात, आणि लक्षात ठेवून स्वतःच्या गुडघ्यात उतरवलं. मला वाटतं म्हाताऱ्या माणसांकडे इतकं लक्ष देऊन बघणारं कुणी फारसं नसतंच, त्यांच्या घरचेही नसतात, माझ्याकडे पेशंटला सोडायला येणारी मुलं बाहेर मोबाईलवर असतात. म्हणजे मी भूमिकेच्या नाही, त्या बघण्याच्या प्रेमात आहे. आणि ते तर लेखकाने लिहून दिलेलं नसतं ना. (आणि इथे तर गंमत अशी की लेखकही तेच, मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या सदरावरून आलीय.)

तुमच्या वहीचं वाचून मात्र वाईट वाटलं, ती माळ्यावरून काढा असं म्हणावंसं वाटतंय.

हौशी रंगकर्मी, मान बघितली. खरंच वेगळी आहे. एका खेळियाने मागवलं.

---

कुडाळचो_झिल

कोकणातून कोण बोललंच नाही म्हणून मी. दशावतार बघितला नाही काय कोणी? २०२५ चा, सप्टेंबरमध्ये आला होता, सुबोध खानोलकरचा. टीव्ही नाही, सिनेमा आहे, पण सई तुम्ही जे म्हणताय त्याच्यासाठी हा बघायलाच हवा, कारण इथे पहिल्यांदा वय खरं आहे. ८१ वर्षांचा माणूस. बाबुली मेस्त्री म्हणून दशावतारी कलाकार.

आता आमच्याकडे दशावतार म्हणजे काय ते थोडं सांगतो, नाहीतर त्या कामाची किंमत कळणार नाही. जत्रेत देवळासमोर रात्री उशिरा सुरू होणार आणि पहाटेपर्यंत चालणार. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरवतात आणि संवाद तिथल्या तिथे, समोरचा काय बोलला त्याच्यावर. बाईचं काम पुरुषच करतात. रंग ज्याचा त्याने स्वतः लावायचा, पेटाऱ्यातला आरसा समोर ठेवून. आणि मग पहाटे तेच राजे आणि देव आपला पेटारा उचलून पुढच्या गावाला. आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यार बोजा. माझा काका वीसेक वर्षं एका मंडळात स्त्री पार्ट करायचा, दिवसा भातशेती.

काका सहजासहजी कुणाला मानत नाही, शहरातला नट आमचा दशावतारी करणार म्हटल्यावर कुडाळच्या थिएटरात हाताची घडी घालून बसला होता. रंग लावायचं दृश्य आलं तेव्हा घडी सुटली. घरी येताना रिक्षात काय बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, तो माणूस रंग लावताना आरशात स्वतःला बघत नव्हता, देवाला बघत होता. काका आता पंच्याहत्तरचा आहे, काम सोडून दहा वर्षं झाली, दुसऱ्या दिवशी त्याने जुना पेटारा बाहेर काढून उन्हात ठेवला.

बाकी मला अभिनयातलं काय कळत नाही.

---

आईची_शाळा_न्यूजर्सी

इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, मुलं सात ते अकरा वर्षांची. त्यांना प्रभावळकर माहीत आहेत ते बोक्या सातबंडे लिहिणारे म्हणून! एक मुलगा तर गांधीजींचा फोटो दाखवल्यावर (सिनेमातला) म्हणाला हे बोक्यावाले आजोबा आहेत का. सांगायचा मुद्दा, सई, तुमच्या यादीत बोक्या ठेवा, जो माणूस म्हाताऱ्यांकडे इतकं नीट बघतो तो दहा वर्षांच्या पोराकडेही तसंच बघतो हे कळेल. बोक्या लबाड नाही, नुसता सद्गुणीही नाही, त्याला मोठ्यांच्या भानगडी सगळ्या कळतात आणि तो मधे पडतो.

मालिकांमध्ये २०१७ ची चूक भूल द्यावी घ्यावी बघा, सुकन्या कुलकर्णी मोने आणि निर्मिती सावंत आहेत. इथेही आजोबाच, पण आबांसारखे शांत नाहीत, आणि सगळा जीव त्या जुन्या नवराबायकोच्या जुगलबंदीत. आणि चित्रपट एकच सांगते, १९९१ चा चौकट राजा, नंदूची भूमिका. माझा धाकटा भाऊ विशेष मूल आहे, त्यामुळे हा सिनेमा मी लहानपणी पहिल्यांदा बघायला नको म्हणत होते, वाटलं थट्टा असेल. आईने हाताला धरून नेलं. थट्टा नव्हती. बाकी यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

पत्र जरूर लिहा पण 'तुम्ही महान आहात' असं लिहू नका, ते त्यांनी हजारदा ऐकलं असेल. इथे वर जे लिहिलंय तेच लिहा, उठणं, बसणं, लपवणं. फिजिओथेरपिस्टने नटाला लिहिलेलं पत्र रोज येत नसणार. प्रयोगाला किंवा कार्यक्रमाला गाठून भेटू नका, या वयात तो त्रास आहे, पुस्तकाच्या प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा, ते पोचवतात. हाताने लिहा. पत्रापत्री नावाचं त्यांचं एक पुस्तकच आहे, मित्रांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं, त्याचे रंगमंचावर प्रयोगही झालेत. म्हणजे पत्राची आवड असलेला माणूस आहे.

---

रेवती_ठाणे

सई, तुझं उत्तर पटलं. वही काढली नाही अजून पण कुठे आहे ते बघून आले.

---

सई_नाशिक

सगळ्यांना थँक्यू, मनापासून. कुडाळच्या काकांचं वाचून दशावतार लगेच बघितला, त्याबद्दल वेगळं लिहीन, आत्ता शब्द नाहीत.

चिमणरावचे जे मिळाले ते भाग बघून झाले. चाळकरीकाका, तुमच्या आजोबांचं 'हाच तो' मी आईला सांगितलं, आई म्हणाली तिच्या वडिलांनीही जवळपास तेच म्हटलं होतं.

पत्र लिहून झालं. चार पानं झाली होती, दोन केली. सुरुवात मी त्यांच्याबद्दल केलीच नाही, माझ्या एका पेशंटपासून केली. ते आजोबा ७८ चे, खुब्याचं ऑपरेशन झालेले, खुर्चीत बसताना धपकन बसायचे आणि मी रोज सांगायचे की आधी पायाला खुर्ची लागू दे, मग मागे हात नेऊन खुर्चीचा दांडा धरा आणि हळू खाली या. ऐकायचेच नाहीत. शेवटी मी त्यांना टिपरेचा एक भाग मोबाईलवर लावून दिला आणि म्हटलं आबा कसे बसतात तेवढंच बघा. दोनदा बघितला त्यांनी, मग उठले, मागे हात नेला, दांडा चाचपला, आणि अगदी सावकाश बसले. बसल्यावर मला म्हणाले, 'पण यांचा डावा गुडघा दुखतोय, माझा उजवा.'

मी परत जाऊन तो भाग बघितला. वजन उजव्या पायावरच आहे, डावा सांभाळलाय.

हेच पत्रात लिहिलंय. उद्या पोस्टात टाकते.